चष्मा लावून पास

आमच्या फ्रिस्कोत, म्हणजे टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या गावात, कुणाचं गाडीचं लायसन्स रिन्यू व्हायचं असलं की पॉटलकमध्ये, जिथे प्रत्येकजण एकेक पदार्थ घेऊन येतो, हमखास एक वाद होतो. नजर तपासताना चष्मा लावावा की लावू नये? छोल्यांच्या ट्रेसमोर ताटल्या घेऊन उभी असलेली चांगली शिकलीसवरलेली माणसं या प्रश्नावर तावातावाने भांडतात. एक पक्ष म्हणतो, चष्मा आहे तर लावा, त्यात काय एवढं. दुसरा म्हणतो, लावलात की संपलं, लायसन्सवर 'चष्मा लावूनच चालवणे' असा कायमचा शिक्का बसतो. माझा नवरा दुसऱ्या पक्षाचा पुढारी. त्याने स्वतःची मागची तपासणी चष्मा खिशात ठेवून दिली होती. डोळे बारीक करून, थोडं वाचून, थोडं अंदाजाने ठोकून तो पास झाला. ही हकिकत तो गड जिंकल्यासारखी सांगतो आणि पुण्याचा असल्यामुळे सांगता सांगता ऐकणाऱ्याची एखादी चूकही दाखवून देतो.

त्याला हसणं सोपं आहे, पण ती भीती मलाही आहे. आमच्या पिढीने व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या कागदांवर इतकी वर्षं काढली की कुठल्याही सरकारी कागदावर आपल्या नावापुढे एक अक्षर जास्त उमटलं तरी आम्ही तो कागद दहादा उलटून बघतो. ते अक्षर निरुपद्रवी आहे हे समजतं, तरी नको वाटतं. कोरं हवं असतं सगळं. म्हणून या खेपेला माझी पाळी आली तेव्हा नवरा म्हणाला, "चष्मा पर्समध्येच ठेव. अगदीच अडलं तर काढ." मी मान डोलावली.

मला ते लायसन्स कशासाठी हवं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझी मुलगी बाळंतपणानंतर दोन वर्षांनी पुन्हा नोकरीला लागणार होती. ऑफिस डॅलसमध्ये, घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, जावई सतत फिरतीवर. नातीला दुपारी डे-केअरमधून आणायचं, घरी आणून वरणभात भरवायचा, झोपवायचं आणि संध्याकाळी आईच्या ताब्यात द्यायचं, हे काम माझं ठरलं होतं. शाळेच्या कॅफेटेरियातली माझी नोकरी मी त्यासाठी आनंदाने सोडली. सगळ्यांना वाटलं आजी मदत करतेय. आजी मदत करत नव्हती, आजी आपलं राहून गेलेलं काहीतरी वसूल करत होती. माझी मुलगी लहान असताना मी डिपेंडंट व्हिसावर होते, मला गाडी येत नव्हती आणि नवऱ्याला शिकवायला वेळ नव्हता. मुलीला शाळेतून शेजारच्या काकू आणायच्या. दुसऱ्यांच्या गाडीतून दप्तर घेऊन उतरणारी आपली मुलगी मी खिडकीतून बघायचे, आणि पहिली दहा मिनिटं शाळेतल्या गोष्टी ती काकूंनाच सांगून आलेली असायची. मला उरलेलं मिळायचं. चाळिशीला टेकल्यावर मी गाडी शिकले तेव्हा मुलगी स्वतः लर्नर्स परमिट काढायच्या बेतात होती.

आणि फ्रिस्कोत गाडी नसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. इथे बस नाही. पायी जायला फुटपाथ आहेत, सुंदर आहेत, पण त्यांवरून कुणी कुठे पोचत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तर सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो आणि उन्हाळ्यात तिथवर जाईपर्यंत माणूस भाजून निघतो. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मी इथे पाहिलेत. गावाकडे सगळ्या गल्लीवर हुकूम चालवणारी माणसं इथे सोफ्यावर बसून संध्याकाळी गराजचं दार वाजायची वाट बघतात. त्यांची मला दया यायची आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही यायचा. शिकत का नाहीत, असं वाटायचं.

तर मी लायसन्सच्या ऑफिसात तपासणीला गेले. नवरा सुट्टी घेऊन सोबत आला, कारण कुठलीही परीक्षा असली की आमच्याकडे एक माणूस बाहेर बसायला लागतं. खिडकीतल्या बाईने आधी फोटो काढायला उभं केलं. मी घाईघाईने चष्मा लावला, कारण फोटोत नेहमीसारखं दिसायला हवं. ती म्हणाली, फोटोला काढा. मग तिने काउंटरवरच्या यंत्राकडे बोट केलं. त्याला दुर्बिणीसारखी दोन भोकं आणि वर कपाळ टेकायला पट्टी असते. तिथे मी चष्मा काढलेलाच ठेवला. ती म्हणाली, आता लावा. मी म्हटलं, नको, मी असंच वाचते. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हा नमुना तिने अनेकदा पाहिलाय.

चष्म्याशिवाय सगळ्या मुंग्या दिसल्या. मी दोनचार अक्षरं ठोकली, ती चुकली. बाई कंटाळलेली होती पण वाईट नव्हती. "मॅम, चष्मा लावला तर काहीही बिघडत नाही. अर्धं टेक्सस लावतं." मी हरले आणि चष्मा लावला. अक्षरं एकदम सरळ उभी राहिली, काळी, ठसठशीत. मला इतकं बरं वाटलं की मी धडाधड वाचत गेले आणि ओळ संपल्यावर शाळेतल्यासारखी थांबले.

"आणि सुरुवातीची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सुरुवातीपासूनच वाचली.

"त्याच्या आधी. डावीकडची. तीन रकाने आहेत."

मी पुन्हा बघितलं. दोन रकाने होते. मधला आणि उजवा, दोन्ही अगदी स्वच्छ. डावीकडे पांढरं होतं, रिकाम्या भिंतीसारखं. मी म्हटलं, "तुमचं यंत्र बिघडलंय." आवाजात जरा ठसकाही होता. तिने माझ्या बाजूला येऊन स्वतः भोकात डोळे घातले आणि शांतपणे तिन्ही रकाने वाचून दाखवले. मग कापसाने पट्टी पुसली आणि म्हणाली, पुन्हा एकदा बघू या. मी कपाळ टेकवलं. डावा रकाना फक्त डाव्या डोळ्यालाच दिसतो, अशी त्या यंत्राची रचना असते, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की तिने आत्ता वाचलेली अक्षरं तिथे नाहीत. मी चष्मा पुसला. नाकावर वर केला, खाली केला. मान वाकडी केली. मागे रांग उभी होती. मी त्या पांढऱ्या जागेकडे डोळे फाडून बघत होते, जणू थोडा वेळ दिला तर तिथे काही उमटेल.

मग दोन बाजूंना दिवे लुकलुकतात, ज्या बाजूला दिसेल तो हात वर करायचा. मी उजवाच हात वर करत राहिले.

तिने नापास हा शब्द उच्चारला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडून एक कागद भरून आणा म्हणाली, आणि जाताना हळूच, "लवकर जा हं." बाहेर नवरा खुर्चीत बसून फोन बघत होता. "काय झालं? शिक्का बसला ना?" त्याने विचारलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दुसरं काय. मलाही तसंच वाटत होतं. मला तसं वाटायला हवं होतं.

कारण चष्मा म्हणजे नंबर, एवढंच आम्हाला माहीत. इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या इंडिया ट्रिपचा एक ठरलेला दिवस असतो, त्या दिवशी दात, ब्लाउज आणि चष्मे उरकायचे. माझं माहेर नागपूरचं. सीताबर्डीवर आमच्या ओळखीचं चष्म्याचं दुकान आहे, मी कॉलेजात असल्यापासून तिथेच नंबर काढते. तिथे गेलं की चहा येतो, भावाची चौकशी होते, मग एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायची. मागच्या दोन-तीन खेपांना ते म्हणायचे, "ताई, डावा जरा आळशी झालाय, याचा नंबर वाढवतो." मी म्हणायचे वाढवा. आठवड्याने दोन चष्मे तयार, एक सोनेरी काड्यांचा, एक रोजचा. त्यांचा काहीच दोष नाही, त्यांचं काम नंबर काढायचं. आणि माझा डोळा आळशी नव्हता, मरत होता, हे आळशी माणसांच्या घरात वाढल्यामुळे मला सुचलंच नाही.

डॉक्टर इथलीच, माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने थेंब घातले, उजेड मारला, दाब मोजला आणि पुन्हा एकदा मोजला. मग मला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. समोर बघत राहायचं, आजूबाजूला बारीक ठिणगी दिसली की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी मी सारखं बटण दाबत होते, मग मधेच यंत्र बराच वेळ थांबायचं. मला वाटलं, मशीन विचार करतंय. डाव्याच्या वेळी तर ते जवळजवळ थांबूनच राहिलं. मी कंटाळून म्हटलं, "चालू झालंय का?" बाजूला बसलेली मुलगी म्हणाली, "येस मॅम, चालू आहे." यंत्र कधीच थांबलेलं नव्हतं.

काचबिंदू. हा शब्द मला मराठीत ठाऊक होता, पण तो म्हाताऱ्या माणसांच्या, दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टींत यायचा. डॉक्टरने दोन गोल काढलेले कागद दाखवले. डाव्या डोळ्याचा गोल बहुतेक सगळा काळा होता. उजव्याचा मधला भाग पांढरा आणि नाकाकडची बाजू काळी. "म्हणजे दोन्ही मिळून डावीकडचं तुम्हाला जवळजवळ दिसत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, पण मला सगळं दिसतंय. ती म्हणाली, "हो, तसंच वाटतं. मेंदू रिकामी जागा भरून टाकतो."

या एका वाक्याने माझी झोप गेली आहे. लोकांना वाटतं, दृष्टी जाते म्हणजे अंधार येतो. अंधार आला असता तर मी बोंब ठोकली असती. मला दिसतं ते सगळं नीट असतं, रस्ता असतो, झाडं असतात, आकाश असतं. फक्त त्यात जे आहे ते सगळं असतंच असं नाही. गेली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की फ्रिस्कोत माणसं बिघडली, उगाच हॉर्न वाजवतात. लेन बदलली की वाजवतात, सिग्नलला वळलं की वाजवतात. मी गाडीत बसून त्यांना अस्सल नागपुरी शिव्या घालायचे. ते सगळे हॉर्न आता मला एकेक करून आठवतात.

नवा चष्मा केला तर? मी विचारलं. ती म्हणाली, चष्म्याने समोरचं स्पष्ट होतं, गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन? ऑपरेशनने आणि थेंबांनी उरलेलं टिकवायचा प्रयत्न करता येईल. प्रयत्न हा शब्द तिने दोनदा वापरला. आणि मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी आले होते. लायसन्सचा कागद.

ती म्हणाली, "उजव्या डोळ्याने, चष्मा लावून, समोरची अक्षरं तुम्ही चांगली वाचता. एका डोळ्यावर गाडी चालवणारे लोक आहेत. मी जे आहे ते लिहीन आणि बहुतेक ते तुम्हाला लायसन्स देतील." मी लगेच पर्समधून तो कागद काढून तिच्यापुढे सरकवला. मग ती म्हणाली, "पण मला विचाराल तर चालवू नका. माझं मूल मी तुमच्या गाडीत बसवणार नाही." आवाज अगदी मऊ होता. मला तिचा इतका राग आला की मी थँक यूसुद्धा म्हटलं नाही. एवढीशी पोर, मला शिकवते. पार्किंगमध्ये आल्यावर तो राग कुठे गेला कळलं नाही, मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून रडले आणि बॉनेट इतकं तापलेलं होतं की हात भाजला.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. काळे गोल, मेंदूचं भरून टाकणं, सगळं. तिचं शेवटचं वाक्यही सांगितलं. तो ऐकत होता, पण मला दिसत होतं की त्याने त्यातलं एकच वाक्य उचललंय. "म्हणजे लायसन्स मिळणार," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने माझ्या थेंबांचा ताबा घेतला. सकाळी त्याचा फोन वाजतो, हा माझी मान मागे करतो, श्वास रोखून थेंब टाकतो आणि सांडला की स्वतःवरच चिडतो. चाळीस वर्षांत या माणसाने माझी इतकी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही आणि त्या काळजीने मला जास्त भीती वाटते. लाड कुणाचे होतात हे मला माहीत आहे.

मुलीला काय सांगायचं, यावर मात्र आमचं एकदाही बोलणं झालं नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की आईला डोळ्यांत थेंब घालावे लागतात. तिने फोनवर विचारलं, "इज इट सीरियस?" मी म्हटलं, "नाही गं, प्रेशर थोडं जास्त आहे." ती म्हणाली, "ओके, टेक केअर, आई," आणि मग डे-केअरच्या पिक-अपच्या वेळा सांगायला लागली. मी त्या ऐकून घेतल्या.

लायसन्स आलं. एका दुपारी पोस्टाच्या पेटीत पाकीट होतं, आत कडक नवं कार्ड आणि त्यावर माझा फोटो, चष्म्याशिवायचा, घाबरलेला. चष्मा लावूनच चालवणे, दोन्ही बाजूंना आरसे असणे, अशी दोन बंधनं होती. नवऱ्याने ते कार्ड उजेडात धरून बघितलं. ज्याने आयुष्यभर शिक्क्याला विरोध केला त्याला आता शिक्क्याचं काही वाटलं नाही. "चष्मा लावून पास!" तो म्हणाला आणि मुलीला फोटो पाठवला. "एवढं मोठं टेक्सस, ते काय उगाच देतात? त्यांनी तपासलंच असेल ना. ती डॉक्टर नवी आहे, फार घाबरवते." आमच्या घरात हे असंच असतं. पास झालेल्या माणसाला पुढे काही विचारत नाहीत. पास झालं की विषय संपतो. मुलीने हृदयाच्या चिन्हांची रांग पाठवली आणि लिहिलं की रविवारी येऊन नातीची कार सीट माझ्या गाडीत बसवून देते.

मला हवं ते सगळं मिळालं होतं. रविवारपर्यंत मी रोज ठरवायचे की आज फोन करून सांगीन. फोन हातात घ्यायचे आणि म्हणायचे, मान वळवून वळवून बघितलं तर? हळू चालवलं तर? हायवे नाहीच, आतले रस्ते आहेत, शाळेच्या वेळेनंतर रहदारी कमी असते. आपलं आपल्यालाच पटवायला किती कारणं सापडतात. एकदा मी खरोखर मान पूर्ण वळवत वळवत आमच्या गल्लीतून एक चक्कर मारून आले. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे नक्की काय झालं नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण जे मला दिसलं नाही ते मला कसं कळणार? घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, जमतंय. तो म्हणाला, "बघ!" आणि आम्ही दोघं चहा प्यायलो. त्या चहाच्या वेळी मला जितकं एकटं वाटलं तितकं या देशात पहिल्या वर्षीही वाटलं नव्हतं.

रविवारी मुलगी आली. तिने तिच्या गाडीतली दुसरी कार सीट काढली आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघा रोवून पट्टे आवळायला लागली. नात लॉनवर बागडत होती. नवरा गराजमध्ये उगाच पेचकस शोधत होता, त्याला वाटतं अशा कामात पेचकस लागतोच. मुलगी घामाघूम होऊन हसत म्हणाली, "आई, तू जरा ड्रायव्हिंग सीटवर बस ना. मला बघायचंय तुझी सीट किती मागे येते. तिचे पाय लागायला नकोत."

मी बसले. गाडी सुरू केली नव्हती, तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर गेले. मागून पट्ट्यांचा खटखट आवाज आला, दार बंद झालं. "परफेक्ट," मुलगी म्हणाली. "वेट, आता ती तुला बाय करेल. शी हॅज बीन प्रॅक्टिसिंग." तिची पावलं गाडीच्या मागून फिरून गेली. मी समोर काचेतून बघत बसले. ड्राइव्ह-वे होता, गवत होतं, समोरच्या घराचं बंद गराज होतं, सगळं जागच्या जागी. मी चेहऱ्यावर हसू आणून तयार होते. आपल्या नातीसाठी आजी आधीपासून हसून ठेवते तसं. त्या दोघी येईनात. नातीला मधेच काहीतरी सापडलं असणार, एखादी मुंगी, एखादा दगड. मी काच खाली केली आणि हाक मारली, "अगं कुठे राहिलात दोघी? या ना समोर लवकर!"

मग मला अगदी जवळून, गाडीच्या पुढच्या डाव्या दिव्यापाशी, नातीचा आवाज आला. "आजी. आजी. बाय. आजी."

मी मान वळवली. त्या तिथेच होत्या. मुलीने तिला कडेवर घेतलं होतं आणि नात दोन्ही हात हलवत होती, तिच्या कानांच्या मागे घामाने केस चिकटले होते, म्हणजे ती बराच वेळ हलवत असणार. मुलीचे हात मात्र हलत नव्हते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी अजून हसतच होते.

"तुला आम्ही दिसलो नाही?" तिने विचारलं. मराठीत विचारलं. माझी मुलगी घाबरली की मराठीत येते.

मी म्हटलं, "आत्ता दिसलात की."

तिने नातीला खाली ठेवलं, मागचं दार उघडलं आणि जे पट्टे आवळायला तिला इतका वेळ लागला होता ते ती सोडवायला लागली. नवरा पेचकस घेऊन गराजमधून बाहेर आला. "अगं, हे काय? काढतेस कशाला? ती पास झालीये!" तो म्हणाला. "बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली आणि पट्टे ओढत राहिली. तो पेचकस हातात धरून तिथेच उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

ती कार सीट तिच्या गाडीत ठेवून आली. माझ्या बाजूचं दार तिने उघडलं आणि मला उतरवायला हात पुढे केला, कोपराखाली, जसा आपण म्हाताऱ्या माणसांना धरतो तसा. ड्राइव्ह-वे सपाट होता, ऊन लख्ख होतं, घराचं दार चार पावलांवर होतं. मी तिचा हात सोडवून घेतला नाही.